क्रूझची बाल्कनी: छापलेले चौरस फूट आणि मावणारी खुर्ची

आधी निकाल सांगते, मग कारणं. मुंबई-गोवा अशी दोन-तीन रात्रींची क्रूझ असेल तर बाल्कनीत पैसे घालू नका, समुद्राकडच्या खिडकीची खोली पुष्कळ झाली. सिंगापूरहून निघणारी चार-पाच रात्रींची असेल आणि बरोबर तासन्‌तास समुद्राकडे बघत बसणारं माणूस असेल, तर बाल्कनी जरूर घ्या. फक्त ती भिंतीपासून कठड्यापर्यंत किती फूट आहे आणि कठडा काचेचा की पत्र्याचा, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. जाहिरातीत चौरस फुटांचा जो एकच ठळक आकडा असतो, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

आणि हे मी अधिकाराने बोलते, कारण खोल्या भाड्याने देणं हाच माझा धंदा. मालवणात आमचं निवास-न्याहारीचं घर आहे. पाहुण्यांचा फोनवर पहिला प्रश्न, "सी व्ह्यू आहे का?" आणि दुसरा, "रूम मोठी आहे ना?" या दोन्हींना खोटं न बोलता किती तऱ्हांनी 'हो' म्हणता येतं ते मला विचारा. दोन माडांच्या मधून ओंजळभर समुद्र दिसला तरी तो सी व्ह्यूच. बाथरूम, कपाटाची जागा, दाराबाहेरची पडवी सगळं धरलं की खोली मोठीच. त्यामुळे जहाजवाले काय करत असतील याचा घरबसल्या अंदाज होता, आणि पर्समध्ये सुताराची टेप टाकूनच मी निघाले. ह्यांनी कपाळाला हात लावला.

पहिली गोम आकड्यातच आहे. फ्लॅट घेताना रेरा कायद्याने कार्पेट एरियातून बाल्कनी वगळलेली असते, त्यामुळे निदान काय मोजलंय ते कळतं. जहाजांना असा रेरा नाही. ज्याला जे सोयीचं ते तो मोजतो. डिस्नेच्या 'ड्रीम' जहाजावर बाल्कनीवाल्या खोलीचा आकडा २४६ चौरस फूट, आणि त्यात बाल्कनी धरलेली. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम जातीच्या जहाजांवर (यातली 'क्वांटम' आणि 'अँथम' सिंगापूरहून सुटलेली आहेत) नेहमीची बाल्कनीची खोली १९८ चौरस फूट सांगतात आणि बाल्कनीचे ५५ वेगळे. नुसते मोठे आकडे शेजारी ठेवले तर २४६ पुढे १९८ म्हणजे गरिबाघरची खोली वाटते. बेरीज केली की २५३ होतात आणि पारडं फिरतं. तिसरं उदाहरण प्रिन्सेस कंपनीच्या २०१३ सालच्या 'रॉयल प्रिन्सेस'चं: २२२ चौरस फूट, त्यातली बाल्कनी ४१. म्हणजे पलंग, बाथरूम, कपाट मिळून राहिले १८१.

त्यातही युरोपातल्या कंपन्या चौरस मीटरमध्ये बोलतात. १७ चौरस मीटर म्हटलं की आपल्याला काहीच उमगत नाही. १०.७६ ने गुणा, १८३ चौरस फूट येतात. हा गुणाकार बुकिंगच्या आधी करायचा, जहाजावर चढल्यावर करून फक्त भांडण होतं.

सेलिब्रिटी कंपनीच्या 'एज' जहाजावर तर आणखीच शक्कल. २०१८ साली आलेलं हे जहाज. तिथल्या बाल्कनीला ते 'इन्फिनिट व्हरांडा' म्हणतात. बाहेर काढलेली बाल्कनी नाहीच, खोलीच जहाजाच्या कडेपर्यंत नेलेली, आणि शेवटी मोठी काच. बटण दाबलं की काचेचा वरचा अर्धा भाग खाली उतरतो. २४३ चौरस फुटांत ४२ या व्हरांड्याचे. मधलं घडीचं दार उघडं ठेवलं तर खोली ऐसपैस होते हे खरं. पण उंबरा ओलांडून बाहेर गेल्याचा जो भाव असतो तो यात कुठून येणार? आमच्याकडे लोक बाहेरची पडवी ग्रिल लावून, काचा लावून आत घेतात आणि मग संध्याकाळी बसायला पायरीवर येतात. मी या प्रकाराला पैसे देणार नाही. ज्यांना एसी सोडवत नाही त्यांनी खुशाल द्यावेत.

आता मूळ मुद्दा, बाल्कनीच्या आत-बाहेर, म्हणजे भिंतीपासून कठड्यापर्यंतच्या मापाचा. क्रूझच्या खोल्या जागेवर बांधत नाहीत. पलंगाची चौकट, भिंती, बाथरूम असं तयार करून आख्खी खोली कारखान्यातून येते आणि जहाजाच्या सांगाड्यात कप्प्यासारखी सरकवतात. फिनलंडमध्ये पीक्किओ गावी असा कारखाना आहे, त्याचं कामच हे. म्हणून बहुतेक साध्या खोल्यांची रुंदी जवळपास एकच असते आणि लांबी तेवढी कमी-जास्त होते. बाल्कनी खोलीएवढीच रुंद. तेव्हा रुंदी नऊ फुटांच्या आसपास धरली, तर ४१ चौरस फुटांची बाल्कनी साडेचार फूट आत-बाहेर भरते आणि ५५ ची सहा फूट. कागदावर फरक चौदा चौरस फुटांचा, बसायला गेलं की दोन वेगळ्या वस्तू. साडेचार फुटांत खुर्ची टेकली की गुडघे कठड्याला लागतात आणि दुसऱ्या माणसाला आत जायचं तर पहिल्याला उठावं लागतं. सहा फुटांत पाय लांब करता येतात, मध्ये स्टूल ठेवून त्यावर चहाचे कप राहतात, आणि मागून माणूस जातो. मी पाहुण्यांसाठी पडवी बांधली तेव्हा गवंड्याने चार फूट सांगितले होते, मी साडेसहा करून घेतले. त्या पडवीमुळेच माणसं परत येतात.

मुंबई-गोवा फेरीला मात्र या सगळ्या मापांचा फारसा उपयोग नाही. जहाज बॅलार्ड पिअरवरून संध्याकाळी सुटतं आणि रात्रभर कोकण किनाऱ्याला धरून, पण बरंच बाहेरून जातं. दक्षिणेला जाताना आपला किनारा डाव्या हाताला. तेव्हा रायगड-रत्नागिरीची माणसं "आमचं गाव दिसेल" म्हणून डावीकडची बाल्कनी मागून घेतात. दिसतो तो काळोख, आणि मासेमारीच्या बोटींचे दिवे. मालवणच्या समोरून जाईपर्यंत पहाट होत आली होती, ह्यांनी मला उठवून डेकवर नेलं. लांबवर एक धुरकट रेघ. त्यात सिंधुदुर्ग किल्ला कुठला आणि आमचं घर कुठलं हे ह्यांनी बोट दाखवून ठामपणे सांगितलं, मीही मान डोलावली. एवढ्यासाठी बाल्कनीचे पैसे? बाकीचा वेळ माणूस खोलीत नसतोच. जेवण, शो, पोहण्याचा तलाव, पुन्हा जेवण. आम्ही खिडकीची खोली घेतली होती आणि ती पावली. सकाळ झाली हे पडदा सारून कळतं, तेवढं बस्स. नणंदेच्या मुलाने आतली, बिनखिडकीची घेतली होती. तिथे दिवा मालवला की दुपारी बारालाही मध्यरात्र. तो पोरगा खूश, कारण त्याला झोपायचंच होतं.

कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून या फेऱ्या करू लागलं. हे जहाज १९९० सालचं, फ्रान्समध्ये बांधलेलं, पूर्वीचं 'नॉर्डिक एम्प्रेस'. त्यावर बाल्कन्या मोजक्याच का, याचं उत्तर त्याच्या वयात आहे. त्या काळी बाल्कनी ही श्रीमंत सुइटवाल्यांची चैन होती. १९८४ सालच्या (जुन्या) 'रॉयल प्रिन्सेस'वर सगळ्या खोल्या बाहेरच्या बाजूला काढल्या आणि पुष्कळांना बाल्कन्या दिल्या, तेव्हा ती बातमी झाली होती. सर्वसाधारण प्रवाशाला बाल्कनी मिळणं हे त्यानंतर हळूहळू रुळलं. म्हणून जुन्या जहाजावर बाल्कनी मागाल तर थेट सुइटचा दर ऐकायला मिळतो, आणि नव्या जहाजावर खिडकीच्या खोल्याच शोधाव्या लागतात, जिकडे तिकडे बाल्कन्या. मुंबई-गोव्याची आपली 'आंग्रिया' क्रूझ २०१८ च्या ऑक्टोबरात निघाली तेव्हा तिच्यावर सगळ्या मिळून १०४ खोल्या होत्या आणि झोपण्यापुरत्या डॉर्मिटरीचीही सोय होती. मला ती कल्पना आवडली होती. रात्रीच्या प्रवासाला झोपायची जागा स्वच्छ असली की झालं.

आमच्या सासूबाई मुंबई-गोव्याला आल्याच नाहीत. "त्या वाटेन आगबोटीन कितीदा गेलंय, आता परत पैशे कित्याक देव?" असं त्यांचं म्हणणं. त्यांचा हिशेब पक्का आहे. 'रोहिणी', 'कोकणसेवक' या बोटींच्या काळातल्या त्या. भाऊच्या धक्क्यावरून डेकचं तिकीट, चढल्याबरोबर धावत जाऊन चादर टाकायची, चादर पडली तेवढी जागा आपली. त्यात दोन पोरं, एक वळकटी आणि लाडवांचा डबा. चौरस फूट कोणी विचारत नव्हतं, फक्त इंजिनाजवळ जागा मिळू नये एवढी प्रार्थना. मालवणला बोट लांब उभी राहायची आणि पडावातून उतरायचं. हे सगळं केलेल्या बाईला सिंगापूरच्या जहाजावर बाल्कनीत बसवायचं, असा माझ्या मुलाचा हट्ट होता. पैसे त्याने भरले, म्हणून खोली त्याने निवडली.

जहाजाचं नाव घेत नाही. जेवण चांगलं होतं, जैन-शाकाहारी वेगळं मिळत होतं, माणसं हसतमुख होती. खोलीही आत ठीकच. पलंगाच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा, मोठ्या बॅगा पलंगाखाली सरकल्या (ही उंची आधी विचारून ठेवा, हीच खरी साठवणीची जागा), आणि कपाट माझ्या माहेरच्या पलंगपेटीपेक्षा बरं. बाथरूममध्ये वाकून पायाला साबण लावता येत नाही, कारण कोपर भिंतीला आपटतं आणि ओला पडदा अंगाला चिकटतो. वयस्कर माणूस असेल तर पडद्याऐवजी काचेचं दार असलेली खोली बघा आणि आत धरायला दांडा आहे ना ते पण.

घोटाळा बाल्कनीत झाला. आत-बाहेर माप माझ्या टेपने पावणेपाच फूट भरलं, म्हणजे अगदीच वाईट नाही. पण कठडा खालून वर जवळजवळ छातीपर्यंत पत्र्याचा. जहाजाच्या पुढच्या भागात आणि काही खालच्या मजल्यांवर वारा आणि लाटा सोसायच्या म्हणून असे भरीव कठडे ठेवतात, काच वरच्या आणि मधल्या मजल्यांवर असते. फोटोत मात्र काचेचीच बाल्कनी होती. सासूबाईंची उंची आधीच बेताची. मोठ्या कौतुकाने त्यांना खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली, शाल दिली. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "गो, माका हयसून नुसता आभाळ दिसता. समुद्र खंय गेलो?"

खुर्चीवर दोन उशा घातल्या तेव्हा हनुवटी कठड्याच्या वर आली, पण मग पाय लोंबकळायला लागले. शेवटी स्वारी चालती झाली. मधल्या मजल्यावर जहाजाला वळसा घालणारा उघडा डेक होता, तिथे लाकडी आरामखुर्च्या, समोर गजांचा कठडा, सगळा समुद्र पुढ्यात. तिथे त्या सकाळ-संध्याकाळ बसल्या. शेजारी एक नागपूरच्या बाई मिळाल्या, मग तर जेवायला बोलवायलाही मलाच जावं लागे. ती जागा जहाजावरच्या सगळ्यांना फुकट होती. आणि आमची हजारो रुपयांची बाल्कनी ह्यांनी फोनवर बोलण्यासाठी वापरली, तोही फोन समुद्रात लागेना.

मुलाने तक्रार केली तर उत्तर आलं की त्या श्रेणीत काचेचा कठडा मिळेलच असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलेलं नव्हतं, हे खरं. मी स्वतः पाहुण्यांना 'ओंजळभर' समुद्र विकलेला असल्यामुळे मला त्यांची भाषा लगेच कळली.

दुसरा त्रास डोक्यावरचा. आमच्या खोलीच्या वर पोहण्याच्या तलावाच्या खुर्च्यांचा मजला होता. पहाटे उजाडायच्या आत कामगार त्या खुर्च्या ओढून लावत, आणि लोखंडावरून येणारा तो आवाज थेट दातात जातो. ज्यांना गाढ झोप लागते त्यांचं ठीक आहे. बाकीच्यांनी जहाजाचा नकाशा मागवून घ्यावा, तो कंपनीच्या साइटवर असतोच, आणि आपल्या खोलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत ना हे पाहावं. वर तलाव, खाली नाचाचा हॉल असेल तर चौरस फूट दुप्पट असले तरी नको. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेली खोलीही नको, त्या दारातून पलीकडच्याचा खोकलासुद्धा ऐकू येतो. एकत्र कुटुंबाने जायचं असेल तर तेच दार वरदान. काही जहाजांवर दोन बाल्कन्यांमधला पडदाही उघडून देतात, मग दोन्ही मिळून सगळ्यांना पत्ते कुटायला जागा होते.

ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी मापाचा विचार दुय्यम. जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या बाजूला हेलकावे कमी, तिथली लहान खोली परवडली. मागच्या टोकाच्या बाल्कन्या पुष्कळदा जास्त खोल असतात, मागे पसरत जाणारा फेसाचा पट्टा दिसतो, जाणकार त्याच मागतात. पण तिथे इंजिनाची थरथर जाणवते आणि कधी धुराड्याची काजळी टेबलावर येऊन बसते. सासूबाईंच्या जुन्या प्रार्थनेत तथ्य होतं. शिवाय बाल्कन्या पायऱ्यांसारख्या मागे-पुढे काढलेल्या असल्या तर वरचा माणूस तुमच्या ताटात डोकावतो. स्वस्त दिसणारी बाल्कनी बहुधा नारिंगी लाइफबोटीच्या मागची असते. 'गॅरंटी' नावाची एक श्रेणी असते, नावाला भुलू नका. बाल्कनीची हमी असते, कुठली ते कंपनी ठरवते.

बाकी किरकोळ. बाल्कनी दिसली की आपला हात दोरी शोधतो, पण कठड्यावर कपडे वाळत घालायला बंदी असते आणि ती योग्य आहे, वाऱ्याने उडालेला टॉवेल खालच्याच्या सूपमध्ये पडायचा. त्याऐवजी लोहचुंबकाचे हूक न्या. खोलीच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, हूक टच्चकन बसतात, टोप्या, पिशव्या, ओले रुमाल सगळं लटकतं आणि जमीन मोकळी राहते. बाल्कनीचं दार उघडं ठेवून खोलीचं दार उघडू नका, वारा असा सुटतो की दार हातातून निसटून बोटं चेमटतात. इस्त्री आणि बरेचसे एक्स्टेन्शन बोर्ड चढतानाच काढून घेतात.

एकट्या माणसाचे हाल वेगळे. दोघांची खोली एकट्याला घेतली तर बहुधा जवळपास दोघांचे पैसे पडतात. नॉर्वेजियन कंपनीच्या 'एपिक' जहाजावर २०१० साली एकट्यांसाठी १०० चौरस फुटांच्या खोल्या काढल्या, खिडकी बाहेर नाही तर गल्लीत उघडणारी. शंभर फुटांत मी माझ्या पाहुण्यांना ठेवलं तर ते मला ऑनलाइन जिवंत सोडणार नाहीत. पण एकटी फिरणारी माझी मैत्रीण म्हणते, दार लावून घ्यायला स्वतःची जागा आहे ना, मग शंभर काय आणि दोनशे काय.

तर गुण द्यायचे झाले तर मुंबई-गोव्याच्या खिडकीला पाचातले चार, सिंगापूरच्या त्या पत्र्याच्या बाल्कनीला दोन, आणि फुकटच्या डेकला पाच. पुढच्या वेळी मध्यावरची, काचेच्या कठड्याची, निदान साडेपाच फूट आत-बाहेर असलेली बाल्कनी घेणार, नाहीतर सरळ खिडकी घेऊन उरलेल्या पैशांत सासूबाईंसाठी आणखी एक रात्र वाढवणार. सावंतवाडीच्या ट्रॅव्हलवाल्या पोराला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "काकी, बाल्कन्या सगळ्या सारख्याच असतात." मी फोन ठेवला आणि कणकवलीच्या दुसऱ्याला लावला.